क्लेमचं घोरणं

गुरुवार, ५ जून

दोन आठवड्यांनी आज वर्ग पुन्हा उघडला.

दवाखान्यातून ज्या मुलीचा फोन येतो (लोकांना धीर देणं हे तिचं काम, आवाजावरून तीच घाबरलेली वाटते), तिने मला दोन उपाय सांगितलेत. एक, रोज थोडं लिहा. दोन, सौम्य योग करून बघा. दुसरा मी या गावाला गेली नऊ वर्षं विकतेय, तेव्हा पहिल्यापासून सुरुवात.

घडलं ते असं. २२ मेच्या गुरुवारी क्लेम हॉजकिस माझ्या वर्गात वारला. वय अडुसष्ट. कागदाच्या कारखान्यातून निवृत्त, रक्तदाब, गुडघे तरुणपणीच्या फुटबॉलने कामातून गेलेले. त्याच्या बायकोने, नोएलीनने, वाढदिवसाची भेट म्हणून माझ्या दहा वर्गांचं कार्ड त्याच्या हातात ठेवलं होतं. त्याला मासे धरायला जायचं होतं. हा सातवा वर्ग. शेवटच्या विश्रांतीत त्याला झोप लागली आणि झोपेतच तो गेला. कॉन्स्टेबलने माझ्यासमोर 'शांत झोपेत' असं लिहिलं, मी खाली सही केली.

विश्रांतीच्या त्या आसनाचं खरं नाव शवासन. आज मला ते उच्चारवेना. 'आता शेवटची विश्रांती घेऊ या' म्हणाले, आणि मागून कुणीतरी ठसकलं. दोन्हीत काय फार फरक होता?

वर्गाआधी मी प्रत्येकाचा बिछाना मांडून ठेवते, ती माझी पद्धत आहे. पाठीखाली लांब लोड, लोडाच्या एका टोकाखाली लाकडी ठोकळे, मानेला ब्लँकेटची घडी, गुडघ्यांखाली गुंडाळी, मांड्यांवर वाळूची पिशवी, डोळ्यांवर लव्हेंडर भरलेली छोटी उशी. गुडघे कुरकुरणाऱ्यांना पोटऱ्या ठेवायला खुर्ची. मग काही करायचं नाही, पडून राहायचं. लाकूड आणि कापूस तुमच्या वतीने योग करतात. वर्ग भरतो त्या गावच्या हॉलमध्ये भिंतीवरच्या फळीवर दोन्ही महायुद्धांत गेलेल्या गावच्या पोरांची नावं सोनेरी अक्षरांत आहेत; त्यांच्याखाली आम्ही सुस्कारे टाकत पडतो.

आज दहा जण यायचे होते, नऊ आले. मी अकरा बिछाने मांडले होते. अकरावा खिडकीजवळचा, खुर्चीवाला. हातांनी परस्पर मांडला, मला विचारलं नाही. उचलायला गेले तर सगळे बघत होते, म्हणून तसाच ठेवला. तासभर सगळे त्याच्याकडे पाठ करून पडले होते.

शुक्रवार, ६ जून

काल एक लिहायचं राहिलं. त्या दिवशी क्लेम घोरत होता.

माझ्या धंद्यात घोरणं म्हणजे टाळ्या. नवऱ्याला मी घरी झोपवू शकले नाही (तो कॅराव्हॅन घेऊन उन्हाकडे, क्वीन्सलंडला पळाला), पण या हॉलमध्ये दहा मिनिटांत निम्मा वर्ग गार करते. क्लेमने सहा वर्ग टक्क डोळ्यांनी छत मोजलं होतं. सातव्यात तो घोरला. असा घोरला की पाठीमागे कुणीतरी खुसखुसलं. मी वर्गातल्या सगळ्यांत जुन्या ग्वेन्डाला डोळा मारला, म्हटलं, आला एकदाचा लायनीवर.

दारावर मीच रंगवलेली पाटी आहे: झोपलेल्याला उठवू नये. सगळे बूट हातात घेऊन चवड्यांवर स्वयंपाकघरात गेले. क्लेमच्या अंगावर मी आणखी एक ब्लँकेट घातलं, हनुवटीपर्यंत ओढलं, दार लोटून घेतलं. चहा झाला. लॅमिंग्टन, म्हणजे खोबऱ्यात घोळवलेले चॉकलेट केक, झाले. वीस मिनिटांनी त्याच्यासाठी चहा गरम करून कप घेऊन गेले.

कॉन्स्टेबलला घोरण्याचं सांगितलं नाही. मेलेल्या माणसाबद्दल सरकारी कागदावर असलं काय लिहायचं?

गुरुवार, १२ जून

पुन्हा अकरा बिछाने. या वेळी मोजून दहा मांडायचे असं ठरवून मांडले होते.

ग्वेन्डा आजही आली नाही. क्लेमनंतर एकदाही नाही. वय एक्याऐंशी, तीस वर्षं वॉर्डात सिस्टर होती. नऊ वर्षांत माझा एकही गुरुवार बुडवला नाही, स्वतःचं मोतीबिंदूचं ऑपरेशनसुद्धा शुक्रवारी करून घेतलं. हॉलचा हीटर नीट चालत नाही म्हणून रागावली असणार. तशी ती फटकळच आहे.

सगळे गेल्यावर लोड भिंतीशी रचत होते, तर त्या रचलेल्या लोडांमागून आवाज आला. आत ओढल्यासारखा. मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एकदा.

पाण्याचे पाइप. जून म्हणजे आमचा हिवाळा, आकसतात ते.

मंगळवार, १७ जून

नोएलीन येऊन गेली. आमच्याकडे कुणी गेलं की गाव त्या घरात ओव्हनमध्ये शिजवलेल्या कॅसरोलची भांडी नेऊन टाकतं, आणि मग विधवेला महिनाभर भांडी परत करत हिंडावं लागतं. दुःखात माणसाला काहीतरी काम हवं, त्याची सोय असावी. माझ्या भांड्याच्या बुडाशी चिकटपट्टीवर माझं नाव होतं.

"हे घे. पास्ता चांगला होता," ती म्हणाली.

"खोटं बोलू नकोस."

"बरं. कुत्र्याला फार आवडला."

हसलो दोघी. मग ती उभ्या-उभ्याच हातमोजे काढघाल करत राहिली. म्हणाली, "नरेल, एक विचारू? तो घाबरला होता का गं? शेवटी? काही बोलला?"

"छे. गाढ झोपला होता. घोरत होता, नोएलीन."

"क्लेम?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भलत्याच माणसाबद्दल बोलतेय. "अगं, घोरते ती मी. एकेचाळीस वर्षं तो बिचारा उशी घेऊन पाहुण्यांच्या खोलीत जायचा. क्लेम नाही कधी घोरला."

नवरा गेला की बायका आधी त्याचं घोरणं पुसून टाकतात, मग त्याची दारू. वर्षभरात तो संत होतो.

पण तिचा चेहरा हळूहळू सैल झाला. "म्हणजे किती गाढ लागली असेल बघ," ती म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा घोरला. डॉक्टर तेच सांगत होते ना, याला विश्रांती हवी. आणि तो समुद्रावर जातो म्हणून भांडत होता त्या सकाळी. मी म्हटलं, गप्प जा नरेलकडे. बरंच केलं ना मी? बोटीत एकटा गेला असता तर?"

"बरंच केलंस," मी म्हटलं.

माझा हात घट्ट दाबून गेली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला कुणाच्या तरी उपयोगी पडल्यासारखं वाटलं.

गुरुवार, १९ जून

वर्ग सुरू व्हायला पाच मिनिटं असताना नोएलीन दारात. हातात क्लेमचं कार्ड.

"तीन वर्ग उरलेत. पुढचे दोन आठवडे लेकीकडे लॉन्सेस्टनला चाललेय, आल्यावर उरलेले करीन. चालेल ना?"

कुणी काही म्हणायच्या आत ती खिडकीजवळच्या बिछान्यावर जाऊन पडली आणि पोटऱ्या खुर्चीवर टाकल्या. तिला कुणी सांगितलं नव्हतं तो कुठला ते. मी तिच्या डोळ्यांवर उशी ठेवली. थोड्या वेळाने माझ्या बोटांना ती ओली लागली, पण ती तशीच राहू दिली.

झोप नाही लागली तिला. जाताना म्हणाली, "त्याला इथून झाड दिसत असणार."

खिडकीतून पार्किंग दिसतं. मी हो म्हटलं.

रविवार, २२ जून

ग्वेन्डाचा रुसवा काढायला गेले. सोबत लिंबाचा केक.

तिने दार उघडलं, मला पाहिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "त्या दिवशी माझी कानातली यंत्रं घरी राहिली होती. मला काही ऐकू आलं नाही."

"ग्वेन्डा, मी केक घेऊन आलेय."

"बरं, ये आत."

हवामान, नात, नगरपालिकेने खोदून ठेवलेला रस्ता, सगळ्यावर बोललो. हीटरचं मीच काढलं. "हीटर? हीटरला काय झालंय?" म्हणाली. मोठ्या मनाची आहे, दाखवत नाही. केकला मात्र हात लावला नाही. साखर वाढली असेल.

गुरुवार, २६ जून

आज भर वर्गात ऐकू आला.

सकाळचे अकरा, बाहेर लख्ख ऊन. नऊ माणसं पालथी, पोटं लोडांवर टेकून, माना एका बाजूला, निवांत. खिडकीजवळचा बिछाना रिकामा. तिथून तो आवाज आला. खोल, घशातून ओढलेला. मग काही नाही. मी मनात मोजायला लागले, आठ, नऊ, दहा, अकरा. मग पुन्हा ओढला.

एकेकाजवळ जाऊन वाकून पाहिलं. कुणी घोरत नव्हतं. एकीने डोळा उघडून विचारलं, "काय गं, हुंगतेस काय आम्हाला?"

घोरण्यात एवढं अंतर असतं का? आमच्याकडे ज्याचं ऐकलं त्याचं इंजिनासारखं एकसारखं चालायचं. पण पहिल्यांदाच घोरणाऱ्या माणसाला ताल कुठून जमणार?

शनिवार, ५ जुलै

जवळच्या बर्नी शहरात प्रथमोपचाराचा वर्ग. माझ्या विम्यासाठी हे दर वर्षी करावंच लागतं. रबरी पुतळ्याची छाती दाबायची, फुंकर मारायची, कागद घेऊन घरी. शिकवणारी अँब्युलन्सवर काम करणारी, सव्वीस-सत्तावीसची, केस घट्ट बांधलेले.

जेवणाच्या सुट्टीआधी तिने फोन वर धरला. "एक ऐकवते. ओळखा काय आहे."

ऐकवलं.

"माझा सासरा!" एक प्लंबर ओरडला. सगळे हसले. मीही. माझंच हसणं सगळ्यांत शेवटी थांबलं.

"या माणसाचं हृदय बंद पडलंय," ती म्हणाली. "हा श्वास नाही. हृदय थांबल्यावर काही मिनिटं शरीर नुसतं ओढत राहतं. घरच्यांना वाटतं घोरतोय, म्हणून झोपू देतात. आम्ही पोचतो तेव्हा बायका सांगतात, आत्तापर्यंत चांगला घोरत होता हो. हीच ती मिनिटं असतात. तेव्हा छाती दाबायला घेतली, हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र लावलं, तर काही जण परत येतात."

"सगळे?" मी विचारलं.

"सगळे नाही. काही जण."

परीक्षेत मला पैकीच्या पैकी मिळाले.

सोमवार, ७ जुलै

झटक्याचं यंत्र हॉलच्या स्वयंपाकघरात आहे, किटलीच्या वर. दोन उन्हाळे सॉसेज भाजून, पावात घालून विकून गावाने घेतलं. हिरवा दिवा लुकलुकत असतो. त्या दिवशी मी त्याच्याखाली उभी राहून विचारत होते, साखर कुणाला हवी?

गुरुवार, १० जुलै

नोएलीन आली. तिचा नववा. म्हणजे क्लेमचा.

सकाळपासून वाक्य तयार करून ठेवलं होतं, वर्ग सुटल्यावर सांगायचं. पण आज तिला झोप लागली. पोटऱ्या खुर्चीवर, तोंड किंचित उघडं, आणि ती घोरायला लागली.

तिचंच आहे हे मला ठाऊक होतं. एकेचाळीस वर्षांचा दाखला होता. तरी मी धावले. वाळूची पिशवी भिरकावली, दोन्ही खांदे धरून गदागदा हलवलं. "नोएलीन! नोएलीन!" आख्खा वर्ग उठून बसला, डोळ्यांवरच्या उशा टपाटप खाली.

ती धडपडत उठली. "अगं, काय झालं? आग लागली?"

"तू घोरत होतीस."

"मग?" ती भडकलीच. "सात आठवड्यांनी पहिल्यांदा डोळा लागला होता माझा! दारावर पाटी तर मोठी लावलीयस! त्याला झोपू दिलंस ना चांगलं? मग मलाच का नाही?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी तिची पिशवी उचलून पुन्हा मांड्यांवर ठेवली.

रविवार, १३ जुलै

ग्वेन्डाकडे पुन्हा. या वेळी केक नव्हता.

"तुला कळलं होतं," मी दारातच म्हटलं.

तिने नाही म्हटलं नाही. यंत्रं कानात होती, आणि मला वाटतं त्या दिवशीही होती.

"बस," ती म्हणाली. "पडले होते तेव्हा वाटलं. मग वाटलं, ग्वेन्डा, तू म्हातारी झालीस, सोळा वर्षांत पेशंट बघितला नाहीस. सगळे हसत होते, पोरी. तू डोळा मारलास. मी हसले. स्वयंपाकघरात गेल्यावर पुन्हा वाटलं, जाऊन नुसती नाडी बघून यावी. उठलेसुद्धा होते. तेवढ्यात तू लॅमिंग्टनचा डबा पुढे केलास."

"आणि?"

"आणि मी घेतला."

मग ती म्हणाली, "नोएलीनला सांगू नकोस. झोपेत गेला, एवढंच तिच्याजवळ आहे. तेही काढून घेणार? कुणासाठी? तुला हलकं वाटावं म्हणून?"

मी उठले आणि घरी आले.

बुधवार, १६ जुलै

उद्या नोएलीनचा शेवटचा वर्ग, मग तिचं कार्ड संपेल. संपलं की ती येणार नाही, आणि मला बाजारात नुसता हात हलवला तरी चालेल. गावात अशी निम्मी माणसं आहेत, ज्यांना आम्ही वर्षानुवर्षं नुसते हात हलवतो.

नाही सांगितलं तर तिचं चांगलं होईल. सांगितलं तर माझं. ग्वेन्डाचं म्हणणं बरोबर आहे. पण दर वेळी तिने "बरंच केलं ना मी" विचारलं की मी हो म्हणते, आणि ते हो म्हणणारी मी एकटीच उरते. तिला पुढे तीस वर्षं जगायचंय त्या 'हो'वर. उद्या-परवा कुणी तिला टीव्हीवर, दवाखान्यात, असाच फोन वर धरून तो आवाज ऐकवला तर? तेव्हा तिच्याजवळ कोण असेल?

काय करणार ते माहीत नाही. बिछाने मात्र मोजून मांडीन.

गुरुवार, १७ जुलै

वर्ग सुटला. नोएलीन झोपली नव्हती. बाकीचे चहाला गेले, मी दार लावून घेतलं आणि तिच्याजवळ जमिनीवर बसले. तयार केलेलं वाक्य आठवलं नाही. आठवेल तसं सांगितलं. की तो घोरत नव्हता. की ते काय होतं. की तेव्हा काही करता आलं असतं, कदाचित. की यंत्र त्या दाराच्या पलीकडे होतं.

ती लोडाला टेकून ऐकत होती.

"किती वेळ?" शेवटी म्हणाली.

"चार-पाच मिनिटं. मग थांबलं. मला वाटलं, झोप आणखी गाढ झाली."

"आणि तू काय केलंस?"

"पांघरूण घातलं."

पलीकडे कुणीतरी हसलं, कप वाजले. नोएलीन उठली. मला वाटलं जाईल, किंवा मारेल, आणि खरं सांगायचं तर दोन्हीपैकी काहीही चाललं असतं. पण ती खिडकीशी जाऊन परत आली.

"कसा होता आवाज?"

"नोएलीन..."

"तुम्ही अकरा जण होतात. अकराही जणांनी ऐकला. मी एकटीने नाही. काढून दाखव."

मी काढला. बसल्या-बसल्या, खोकल्यासारखा काहीतरी आला.

"नीट," ती म्हणाली. "तो पडला होता तशी पड."

मी तिथे पडले. पोटऱ्या खुर्चीवर. तिनेच लोड माझ्या पाठीखाली सरकवला, पिशवी मांड्यांवर ठेवली, उशी डोळ्यांवर. सगळं बरोबर, जागच्या जागी. तीन वर्गांत शिकली होती. ब्लँकेट हनुवटीपर्यंत ओढलं.

अंधारात मग आवाज आपोआप आला. दीड महिना ऐकतेय, घशाला पाठ झालाय. एक. मग थांबले, मोजले. मग दुसरा. मग तिसरा.

खांद्यांवर हात आले.

"क्लेम," ती म्हणाली. हळू, सकाळी चहा ठेवताना म्हणावं तसं. "क्लेम, ऊठ."

मी पुढचा ओढला.

"क्लेम. ऊठ रे." हात जोरात हलवायला लागले. "क्लेम! ऊठ! अरे मी आहे, ऊठ!" स्वयंपाकघरातले कप एकदम थांबले. तिने दोन्ही तळवे माझ्या छातीवर ठेवले. दाबले नाहीत. नुसते ठेवले आणि हाका मारत राहिली.

तिने पुरे म्हटलं नाही, म्हणून मी आवाज काढत राहिले.